बिनवासाची धुलाई

लॉन्ड्रीवाल्याच्या दुकानावर जावयाने मोठ्या हौसेने 'पर्यावरणपूरक धुलाई' अशी पाटी लावली होती. एवढं जड नाव त्या चिंचोळ्या दुकानाला पेलत नव्हतं. हे का सुरू केलंत असं कोणी विचारलं, की लॉन्ड्रीवाला हवा, पाणी, पुढच्या पिढ्या असं जावयाने पढवलेलं म्हणून दाखवी. खरं कारण एकच होतं, त्याची बायको.

ड्रायक्लीनिंगच्या औषधाच्या वाफेत, मागच्या खोलीत इस्त्री करता करता तिचं नाक गेलं. आधी कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग एकदा दूध करपून घरभर धूर झाला आणि ती तिथेच पाठ करून भाजी निवडत बसलेली दिसली. पुढे तिने अंथरूणच धरलं. डॉक्टर म्हणाले, नाक गेलं ते गेलं, आता निदान यकृत सांभाळा. लॉन्ड्रीवाल्याने जुनं यंत्र भंगारात काढलं आणि पाण्यावर धुणारं नवं आणलं. "गेली एकदाची माझी सवत," अंथरुणातून बायको म्हणाली. त्या औषधाला ती सवतच म्हणायची, कारण नवऱ्याच्या अंगाला सदा तिचाच वास.

कपडे छान निघू लागले. पण गिऱ्हाईक कोट हातात घेई, आधी हुंगे आणि नाक मुरडी. इतकी वर्षं त्या गोडसर, उग्र वासालाच लोक स्वच्छता समजत आले होते. "नुसता पाण्यातून काढलात का हो?" वकीलबाईंनी तोंडावरच विचारलं. एकेक जण चौकातल्या दुसऱ्या दुकानाकडे वळू लागला.

तेव्हा लॉन्ड्रीवाल्याला दुर्बुद्धी सुचली. औषधाची एक बाटली उरली होती. त्यात भिजवलेलं फडकं डब्यात घालून त्याने काउंटरमागे ठेवलं आणि तयार कपडे त्याच्यावर टांगले. लोक खूश. बायको बरी होऊन दुकानात आली तर काय, हा प्रश्न त्याला पडला, नाही असं नाही. पण उत्तरही त्यानेच दिलं: तिला कुठे वास येतोय! आणि या उत्तराची त्याला तेव्हा लाजही वाटली नाही.

ती आली. काउंटरपाशी थांबली, ओठांवरून जीभ फिरवली.

"सवत परत आणलीत?"

"कसली सवत? काहीतरीच तुझं!"

"अहो, नाक गेलंय माझं, जीभ नाही गेली. ही गोडी जिभेवर घेऊनच जेवलेय मी इतकी वर्षं." मग हळूच म्हणाली, "मला कळणार नाही, असंच वाटलं ना तुम्हाला?"

त्याने डबा आणि बाटली उचलली आणि तो तडक गटाराकडे निघाला.

"तिथे नका ओतू."

"अगं, तुला नकोय ना दुकानात?"

"मग गटारातून काय आभाळात जाणार आहे? खालच्या वस्तीत कोणाच्या तरी विहिरीत उतरेल. तिथेही कोणाची तरी बायको असेलच की."

लॉन्ड्रीवाला बाटली धरून तसाच उभा राहिला. जावयाने घोकून घेतलेलं सगळं त्याला आत्ता कुठे कळलं. फडकं बाटलीत कोंबून त्याने बूच घट्ट बसवलं. ज्याने हे औषध विकलं त्याच्याकडेच ते परत नेऊन द्यायचं ठरलं. दोन्ही दारं सताड उघडून दोघं बाहेर पायरीवर बसली.

संध्याकाळी वकीलबाई आल्या. कोट हुंगून म्हणाल्या, "यावेळी वास नाही आला."

"नाही येणार. मागच्या वेळचा मी मुद्दाम लावलेला होता, बाई. फसवलं मी तुम्हाला."

बाईंनी एकवार दोघांकडे पाहिलं, कोट घेतला आणि निघून गेल्या. परत येतील याची खात्री नव्हती.

बायको मागच्या खोलीत जाऊन इस्त्रीच्या टेबलाशी बसली होती.

"अहो, आता कसला वास येतोय दुकानात?"

त्याने खोल श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

"कसलाच नाही गं."

"हं," ती म्हणाली. "माझं रोज असंच असतं."