चार किल्ल्यांची कडी

मी किल्ल्यांची कडी बोलतेय. लोहारानं मला वळवलं आणि त्याच दिवशी धोंडीराम अण्णांनी कमरेला लटकवलं. अण्णा पंचवटीतल्या अन्नछत्राचे प्रमुख. दवाखान्यातल्या रुग्णांच्या नातेवाइकांना इथे रोज दुपारी पोटभर जेवण मिळतं. कोठी, गॅस, भांडी आणि दप्तर, अशा चार किल्ल्या माझ्यात. चार लेकींची आई म्हणून मी भलतीच ऐटीत होते!

अण्णाही तसेच. आम्ही वाजलो की सगळे सावरून बसत. दर गुरुवारी बैठक भरे, पण बोलत एकटे अण्णा. बाकीचे चहा पीत आणि "अण्णा म्हणतील तसं" म्हणत. माणूस प्रेमळ हो, पण दुसऱ्यावर काम सोपवायचं म्हटलं की ते स्वतःच उठत.

गेल्या वैशाखात पुतणीच्या लग्नाला ते चांदवडला गेले आणि सवयीनं मलाही घेऊन गेले. बँडच्या गोंगाटात फोन ऐकू आला नाही. जेवणं उरकल्यावर पाहिलं, तर वत्सलाबाईंचे अकरा फोन! या बाई हरसूलकडच्या, स्वयंपाक सांभाळणाऱ्या. कोठी बंद राहिली होती आणि दीडशे माणसं उपाशी परतली होती.

गुरुवारी अण्णा कडाडले, "हातोडी समोर होती ना? कुलूप का नाही फोडलं?"

वत्सलाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "अण्णा, मागं माझ्या हाताखालच्या सुनीलनं न विचारता तुरीऐवजी मुगाची डाळ शिजवली. तवा तुमी त्याला चारचौघांत लय बोललात. तवापासून कोन कशाला हात लावंल?"

अण्णांनी मला घट्ट धरलं. किल्ल्या गेल्या तर आपल्याला कोण विचारणार, ही भीती मला त्या पकडीतून कळली. मलाही तीच भीती होती.

ते सुनीलकडे वळून म्हणाले, "सुनील, चुकलं माझं." मग एकेक किल्ली काढली. कोठीची वत्सलाबाईंना, गॅसची सुनीलला, भांडी सांभाळणाऱ्या मोहिनीला भांड्यांची, हिशेब लिहिणाऱ्या अमितला दप्तराची. "आपापलं तुम्हीच ठरवा. अडलं तर गुरुवारी सगळे मिळून बघू. आणि मी चुकलो तर मलाही सांगायचं."

तेव्हापासून मी कोठीतल्या खिळ्यावर रिकामी लटकतेय. लेकी चांगल्या घरी पडल्या, आणखी काय हवं? गुरुवारी आता चांगली वादावादी होते, चहा गार होतो. तुमच्या कमरेला माझी एखादी बहीण वाजत असेल, तर बाबांनो, तिलाही जरा हलकी करा.

परवा अण्णा पुन्हा चांदवडला गेले होते. दुपारी त्यांचाच फोन आला.

"जेवणं झाली का हो सगळ्यांची?"

"कवाच!" वत्सलाबाई म्हणाल्या. "तुमी जेवलात का, अण्णा?"