हवाबाईंचा दुहेरी चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. का दोन जुने चष्मे आहे? खरे सांगायचे तर याचा उलगडा मला अजून झालेला नाही. माझ्या दोन्ही काचांवर एक आडवी रेघ आहे. रेघेच्या वरून लांबचे दिसते, रेघेच्या खालून जवळचे. दुकानात मला बायफोकल म्हणत. त्या नावाने माझ्या गोंधळात भरच पडली.

माझी जन्मवेळही मला नक्की सांगता येणार नाही. माझी सोनेरी फ्रेम कितीतरी महिने दुकानाच्या कपाटात बसून होती. काचा मागाहून घासल्या गेल्या, त्याही हवाबाई आल्या म्हणून.

हवाबाई कोण, तेही सांगतो. त्यांच्या घरामागे एक उंच टेकडी आहे. टेकडीच्या माथ्यावर वेधशाळेची पांढरी लाकडी पेटी आहे आणि तिच्यात तापमापक टांगलेले आहेत. रोज सकाळी टेकडी चढायची, पारा कुठवर आला ते वहीत लिहायचे आणि खाली उतरायचे, हे बाईंचे काम. एकवीस वर्षांत एकही खाडा नाही. म्हणून सगळे त्यांना हवाबाई म्हणत. त्यांचे खरे नाव बहुधा त्यांच्या नवऱ्यालाच आठवत असेल.

तर तापमापकाच्या बारीक रेघा पुसट दिसू लागल्या, तेव्हा त्या दुकानात आल्या. चष्मेवाल्यांनी त्यांना स्टुलावर बसवले आणि हातात बारीक अक्षरांचे कार्ड दिले.

"दिसतंय का नीट?"

"मुंगीला मिशा असत्या तर त्याही दिसल्या असत्या!" बाई म्हणाल्या.

सोबत त्यांचे यजमान होते. त्यांची बेकरी आहे, त्यामुळे त्यांच्या भुवयांवर नेहमी थोडा मैदा असतो. ते म्हणाले, "शोभतोय गं. एकदम हेडबाई दिसतेस." बाई आरशात बघून लाजल्या. माझी निवड झाली. मला तर आभाळ ठेंगणे झाले.

पहिल्या दिवशी चढताना सारे छान होते. माथ्यावर बाईंनी पारा वाचला आणि "वा रे पठ्ठ्या!" म्हणून माझे कौतुक केले. मग आम्ही उतरायला लागलो आणि काहीतरी बिनसले.

बाईंनी पायाखाली नजर टाकली. दगड फुगून वर आल्यासारखा दिसला. त्यांनी पाऊल टाकले, तर दगड तिथे नव्हताच. त्या हेलपाटल्या आणि हसल्या. "नवा आहे, होईल सवय," असे स्वतःशीच म्हणाल्या. पण सवय काही होईना. मी माझ्या परीने विचार करून थकलो. वरच्या काचेतून लांबचे झाड लख्ख दिसत होते. खालच्या काचेतून वहीतला आकडा लख्ख दिसत होता. मग मधला दगड कुठे जात होता?

आठव्या दिवशी बाई पडल्या. गुडघा सोलवटला, तळहातात खडे रुतले. मी गवतात उडालो आणि माझी एक काडी वाकली.

"मला चक्कर येते वाटतं," घरी आल्यावर त्या हळूच म्हणाल्या.

यजमानांचा चेहरा पडला. "अगं, पुरे झालं आता. तुला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

माझ्यावर कुणाचाच संशय नव्हता, मित्रांनो. माझा स्वतःचाही नव्हता. दुसऱ्या दिवशी बाई कशाबशा जाऊन आल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसल्या. 'वयोमानाने टेकडी झेपत नाही. कृपया माझ्या जागी दुसरी व्यक्ती नेमावी.' खालच्या काचेतून मी ते अक्षर न् अक्षर स्वच्छ दाखवले. सही करण्याआधी बाई बराच वेळ खिडकीकडे पाहत बसल्या. तिथून टेकडी दिसते. वरच्या काचेतून मी तीही स्वच्छ दाखवली. त्यांच्या डोळ्यांतले पाणी माझ्यावर उडाले, आणि माझे नेमके काय चुकते आहे ते मला कळेना.

पत्र द्यायला निघाल्या, तेव्हा माझी वाकडी काडी त्यांच्या कानाला टोचत होती. म्हणून वाटेत त्या चष्मेवाल्यांकडे थांबल्या. त्यांनी काडी सरळ करून दिली. दुकानाला चार पायऱ्या आहेत. बाई वरच्या पायरीवर थबकल्या, कठडा धरला आणि हनुवटी पार छातीला टेकवून एकेक पायरी चाचपू लागल्या. चष्मेवाले दारातून पाहत होते.

"बाई, थांबा. मान वर करा आणि नुसते डोळे खाली करा. काय दिसतं?"

"पायरी गेली!"

"आता मान खाली घालून वरच्या काचेतून बघा."

"आली!"

चष्मेवाल्यांनी कपाळावर हात मारला. "खालची काच हातभर अंतरासाठी आहे हो. पाय काय हातभर अंतरावर असतात? तुम्ही टेकडी उतरता, हे बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि डोळ्यांच्या दुकानात पायांचं कोण बोलतं?" मग बाईंचा आवाज एकदम लहान झाला. "म्हणजे ही चक्कर नाही? मी म्हातारी नाही झाले?"

"त्याचं मला नका विचारू. पण टेकडी उतरण्याइतक्या तरुण आहात."

बाई पायरीवरच बसल्या. आधी हसल्या, मग रडल्या. मला लाजेने काळे व्हावेसे वाटले.

या खेपेला स्टूल नव्हते. बाईंनी प्रत्येक फ्रेम घालून पायऱ्या चढउतार केल्या, वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या, मान हलवली. जी नाकावरून घसरली, ती बाद. शेवटी एक हलकी, कानांना घट्ट धरणारी, कडेने वारा अडवणारी फ्रेम ठरली. तिला सहजी न फुटणारी, नुसती लांबची काच. आरशात पाहायचे बाई विसरूनच गेल्या.

आता टेकडी चढते ती नवी फ्रेम. मी डबीत असतो. माथ्यावर पारा वाचण्यापुरता बाहेर येतो आणि उतरण्याआधी पुन्हा डबीत जातो. मी डबीत राहतो म्हणून बाई सुखरूप उतरतात. याचा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावे, ते मला अजून ठरवता आलेले नाही. मित्रांनो, तुम्ही चष्मा करायला जाल तेव्हा नुसते बसून घेऊ नका. उठा, चाला, वाका. तुम्ही कुठे चढता, कुठे उतरता, ते सारे सांगा. आम्हा चष्म्यांना ते आपोआप कळत नाही.

ते पत्र बाईंनी दिले नाही. मी खुळखुळू नये म्हणून त्याची घडी करून माझ्या डबीत तळाशी घातली आहे. मी त्याच्यावर पडून असतो. बाहेर पेटीचे दार लागते, उतार सुरू होतो, आणि बाईंच्या बुटांखाली खडे वाजत राहतात, पायथ्यापर्यंत, एकदाही न थांबता.