तीन हजार पाकिटं

पाण्याच्या नव्या टाकीच्या उद्घाटनासाठी पटांगणात खुर्च्यांच्या बावीस रांगा होत्या, एका रांगेत तीस. एकूण सहाशे साठ, त्यातल्या चौऱ्याहत्तर रिकाम्या. झाडाखाली एकशे बारा माणसं उभी होती, फाटकापाशी सदुसष्ट आणि मंचावर सव्वीस. रिझालिनने दोनदा मोजलं आणि वहीत लिहिलं: सातशे एक्क्याण्णव.

गर्दी अशी मोजायला तिला कॉलेजातल्या विलारूस मॅडमनी शिकवलं होतं. पत्रकारितेच्या चौथ्या वर्षाला तीनशे तास बातमीघरात काम करावं लागतं, त्याशिवाय पदवी मिळत नाही. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या या रेडिओ स्टेशनात रिझालिनचे दोनशे शहाण्णव तास भरले होते. उरलेले चार आज भरणार होते. फॉर्मवर वृत्तप्रमुखाची सही घेऊन तो पाचच्या आत कॉलेजात पोचवायचा होता. आज शेवटचा दिवस होता.

वृत्तप्रमुख देल्फिन. सगळे त्याला नोंग म्हणत, म्हणजे दादा; तो तिला इंदाय म्हणे, म्हणजे पोरी. त्याने तिची बातमी वाचली आणि पेन उचललं.

"हे सातशे एक्क्याण्णव कुठून काढलंस, इंदाय?"

"मोजले, नोंग."

"मेयरच्या ऑफिसातून तीन हजार आलेत."

"तीन हजार माणसं त्या पटांगणात मावतच नाहीत."

"खाण्याची पाकिटं तीन हजार मागवली होती. एकही उरलं नाही. पाकीट संपलं म्हणजे माणूस आला. आम्ही वीस वर्षं असंच मोजतोय."

"एका बाईच्या पिशवीत अकरा होती! मी पाहिली."

"मग घरी खाणारी काय माणसं नाहीत?" नोंग स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला. मग हसू आवरून म्हणाला, "रविवारचा सकाळचा तास मेयरसाहेबांनी विकत घेतलाय. त्यावर आपले पगार निघतात. तीन हजार लिही."

तिने लिहिलं, 'आयोजकांच्या म्हणण्यानुसार तीन हजार'. वर्गात असंच शिकवलं होतं: आकडा आपला नसेल तर ज्याचा आहे त्याच्या तोंडी घालायचा.

नोंगने पहिले दोन शब्द खोडले. "अशाने ऐकणाऱ्याला शंका येते."

"पण नोंग, बातमी माझ्या आवाजात जाणार."

"म्हणून तर तुला दिली. गोड आवाज आहे तुझा. आणि तुझा फॉर्म माझ्या खणात आहे, विसरलीस का?"

बाराच्या बातम्यांना नऊ मिनिटं होती. रिझालिनने जिन्यात जाऊन मॅडमना फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं. मॅडम रागावतील, नोंगला फोनवर बोलावतील, असं तिला वाटत होतं.



"तुझी मोजणी बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या वर्गात एवढं नीट कुणीच मोजलं नसतं."

"मग मी काय करू, मॅडम?"

"पुढच्या वर्षी मला त्या स्टेशनात अकरा मुलं पाठवायची आहेत, बाळा. मुलं घेणारी तीनच स्टेशनं आहेत. त्यातल्या एकाने आधीच आमची मुलं घेणं बंद केलंय."

"म्हणजे वाचू?"

"पदवी घे. नोकरीला लाग. मग बघ."

"तुम्हीही असंच केलं होतं का?"

"बारा वाजत आलेत, रिझालिन," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बातम्या वाचायच्या खोलीत एकच खुर्ची होती. दाराची आतली मूठ महिन्यापूर्वी निखळली होती. बाहेरून कुणी उघडलं तरच निघता येई. रिझालिन बसली आणि दार लागलं. काचेपलीकडे नोंग भाताचा डबा उघडत होता. एक डोळा तिच्यावर. कागदावर तिच्याच अक्षरात 'तीन हजार' होतं.

लाल दिवा लागला.

तिने नाव सांगितलं, वेळ सांगितली, पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन सांगितलं. आकड्यापाशी तिचा आवाज थांबला. नोंगचा चमचा हवेतच राहिला.

"तीन हजार नागरिक उपस्थित होते," ती म्हणाली आणि पुढची बातमी वाचायला घेतली.

दुपारी चारला नोंगने खणातून फॉर्म काढला आणि उभ्या उभ्या भरून तिच्या हातात दिला. तिने तो बसमध्ये वाचला. तास: तीनशे. वक्तशीरपणा: पाचपैकी चार. आवाज: पाचपैकी पाच. अचूकता: पाचपैकी पाच.