ओठांतली टाचणी

तोंडात टाचण्या धरून काम करायची शिंपीमास्तरांना सवय होती, आणि त्या ओठांतून उपटून दाण्याच्या वाटीत नेऊन टाकायची त्यांच्या लव्हबर्डला. "घरातच चोर पाळलाय मी!" असं करवादत मास्तर त्याला कोंडून पिंजऱ्याला कडी घालायचे.

एका दुपारी कडी घालायची राहिली आणि मशीनवरच त्यांचा डोळा लागला. जाग आली, तर तोंडातली टाचणी गायब!

"अगं, गिळली वाटतं मी!" मास्तरांना दरदरून घाम फुटला.

बायको धावत आली, पण आधी पिंजऱ्यातल्या वाटीत डोकावली. "ही काय, इथं आहे!"

चोर निवांत पंख साफ करत होता.

मास्तरांची सवय काही सुटली नाही. पिंजऱ्याची कडी मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी उखडून टाकली.