मोठ्या काडतुसाचा शिकारी

झिम्बाब्वेच्या रानात रानरेडा मारायला आलेला ब्रॅडली आपल्या बंदुकीच्या चारशे अठ्ठावन्न नंबरच्या जाडजूड काडतुसाची फुशारकी मारत होता. शिकारतळाची मालकीण हेटी वापरायची ती लहान काडतुसाची, तीनशे पंचाहत्तर नंबरची बंदूक त्याच्या लेखी खेळणं होती. "बायकांना ठीक आहे," तो म्हणाला.

निशाणाच्या सरावाला हेटीने त्याची बंदूक भरायला घेतली आणि गुपचूप रिकामीच परत दिली. त्याने चाप ओढला. नुसतं खट् झालं, पण बंदुकीच्या धक्क्याच्या धास्तीने याचे डोळे आधीच गच्च मिटले आणि नळी वीतभर खाली गेली. माग काढणारा म्लालाझी फिस्सकन हसला.

"स्वतःच्याच बंदुकीला भितोस होय रे?" हेटी म्हणाली. "रेड्याला काडतुसावरचा आकडा वाचता येत नाही. गोळी काळजात बसावी लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकारीला निघताना तिने त्याच्या हाती फक्त दुर्बीण दिली. त्याने ती मुकाट्याने गळ्यात अडकवली.