जेवणाआधी

"काहो वैद्यबुवा, औषध म्हणून लाकडाचा भुसा देऊन राहिले का?"

महाल भागातल्या वैद्यबुवांच्या बोळात वामनरावाचा आवाज घुमला. त्याच्या बायकोच्या, गोपिकाच्या पोटात अल्सर होता. तीन महिने ती ज्येष्ठमध-शतावरीचं चूर्ण दुधातून घेत होती. गुण तर नाहीच, उलट कालपासून शौचाला काळं होत होतं. वामनराव संतापला होता, पण बायकोसाठी नव्हे हो, एवढं दूध फुकट गेलं म्हणून!

वैद्य गणपतरावांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "पोरी, चूर्ण कवा घेतलं?"

"तुम्ही सांगतलं तसं. जेवणाआधी."

"कोणाच्या?"

गोपिका गोंधळली. तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं. "यायच्या."

बारा वाजता ती चूर्ण घ्यायची आणि ताट वाढून बसायची. वामनराव दुकान बंद करून पानठेल्यावर गप्पा हाणत तीनला उगवायचा. पोटात आगडोंब उसळला, तरी सासूचं, रुखमाबाईचं एकच पालुपद, "त्याचं झाल्यावर." मग उरलेली तिखटजाळ तर्री आणि गार भाकर हिच्या वाट्याला. त्या घरात जेवण म्हणजे वामनरावाचं जेवण. बाकीचे नुसते पोट भरायचे.

"अवं, औषध तुह्यं, तं जेवणही तुह्यंच!" वैद्य कडाडले. "चूर्ण घेतलं का लगेच जेवायचं. तिखट बंद. अन् काळं होते म्हणजे आतून रक्त जाऊन राहिलं. आधी मोठ्या सरकारी दवाखान्यात, मेडिकलात दाखव, आत्ताच!"

"एवढंच ना!" वामनराव हसला. "मले वाटलं काय झालं."

त्या हसण्यानं गोपिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. कोणी न सांगता तिनंही तोच अर्थ लावला होता.

दवाखान्यातून आठ दिवसांनी ती सक्करदऱ्याला घरी आली. दुसऱ्या दिवशी बाराला तिनं चूर्ण घेतलं, मऊ भात आणि फिकं वरण वाढून घेतलं आणि मांडी घालून बसली.

"पुरुषाच्या आधी?" रुखमाबाईनं कपाळावर हात मारला. "लाज नाही वाटत?"

गोपिकानं घास घेतला. तेवढ्यात वामनराव दारात. आज नेमका वेळेवर! हातपाय धुऊन तो पाटावर बसला, इकडेतिकडे बघू लागला.

"अन् माह्यं ताट?"

तिनं दुसरा घास नीट चावून गिळला.

"माह्यं झाल्यावर."