थोरल्या मालकांच्या गळ्यातलं वाक्य

मी एक जुना बाप आहे. दचकू नका, बसा. खराखुरा नाही, खेळाच्या मशीनमधला. ‘घराण्याची झुंज’ नावाच्या मारामारीच्या खेळात शेवटच्या फेरीला जो पांढऱ्या मिशांचा, दणकट, कपाळाला कायम आठ्या घातलेला म्हातारा येतो ना, तोच मी. खेळात मला थोरले मालक म्हणतात. तुमच्यापैकी कुणाच्या काकाने किंवा मामाने लहानपणी माझा मार खाल्ला असेल, तर त्यांना विचारा. अजून त्यांचा अंगठा दुखत असेल.

मित्रांनो, तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणतानासुद्धा माझी जीभ अडखळते. मला असं बोलायची सवय नाही. मला लिहून दिलेली वाक्यं मोजून चार. ‘हे घर माझं आहे!’, ‘माझ्यासमोर मान वर?’, ‘अजून दम आहे का?’ आणि ‘चालता हो!’ यातलं शेवटचं मी इतक्यांदा ओरडलो आहे की माझं मलाच नकोसं झालं आहे. पण माझ्या गळ्यात एक पाचवं वाक्यही आहे. ते फारसं कुणाला माहीत नाही, आणि ज्याच्यासाठी ते होतं त्याने ते अजून ऐकलेलं नाही. माझी सगळी कथा त्या एका वाक्याची आहे.

माझा जन्म एका छापखान्याच्या वरच्या तीन खोल्यांत झाला. खाली यंत्रं धडधडायची आणि वर टेबलावरचे चहाचे कप हलायचे. तिथे एक चित्रकार होता, पंचविशीतला, हडकुळा, कायम तोंडात पेन्सिल. मला त्याने काढलं. आधी भुवया काढल्या, मग मिशा, मग मनगटावर स्टीलचं घड्याळ. घड्याळाच्या काचेवर एक तिरपा ओरखडासुद्धा काढला. प्रोग्राम लिहिणारी एक बाई होती, तिला सगळे चष्मेवाली म्हणत. ती म्हणाली, “अरे, एवढासा ओरखडा पडद्यावर दिसणार तरी कुणाला?”

“मला दिसेल,” तो म्हणाला.

मारामारीआधी मी हातातलं घड्याळ सोडून खिशात ठेवतो, ही लकबही त्यानेच दिली. ती त्याच्या वडिलांची होती. वडील लेथच्या कारखान्यात मुख्य कारागीर. पोराने आपल्यामागे लेथवर उभं राहावं, अशी त्यांची इच्छा, आणि पोरगा हिशेबाच्या वहीत चित्रं काढणारा. वडिलांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं की पोराने समजावं, आता आपली धडगत नाही. शेवटी एके दिवशी त्यांनी त्याला दारातून बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. त्या गोष्टीला चार वर्षं झाली होती. बापलेक एकमेकांशी एक अक्षर बोललेले नव्हते.

त्याच खोल्यांत आवाज भरणारा एक माणूस होता. त्याला टेपवाला म्हणायचे. माझ्यासाठी ठरलेल्या नटाचा घसा ऐनवेळी बसला आणि टेपवाला डोक्याला हात लावून बसला. चित्रकार त्या आठवड्यात सुताराकडे होता, माझ्या मशीनच्या लाकडी पेटीवर माझंच चित्र रंगवत. आणि नेमके तेव्हाच एक गृहस्थ जिना चढून वर आले. पांढऱ्या मिशा, कपाळाला आठ्या, मनगटावर ओरखडा पडलेलं घड्याळ. पडद्यावर मी अर्धवट उभा होतो. चष्मेवालीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या हातातला कप तसाच राहिला.

“माझा मुलगा इथे असतो म्हणे,” ते म्हणाले.

काय खणखणीत आवाज होता! तीस वर्षं लेथच्या खडखडाटावर ओरडून कमावलेला. टेपवाल्याने त्यांना बाहेर बसू दिलं नाही. थेट माईकसमोरच नेऊन बसवलं. “बाबा, मुलाचंच काम आहे. चार वाक्यं म्हणून द्या.” त्यांनी चष्मा लावला आणि कागद हातात धरून एकेक वाक्य म्हटलं. ‘चालता हो’पाशी आले आणि थांबले.

“हे नका म्हणायला लावू,” ते हळूच म्हणाले.

“अहो, नाटकातलं आहे ते.”

ते एकदाच म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायला त्यांनी साफ नकार दिला. मग पाणी प्यायले, कागद घडी करून ठेवला आणि विचारलं, “इथे न लिहिलेलं काही बोललं तर चालतं का?” टेपवाल्याने टेप चालू ठेवली. आणि त्या दणकट माणसाने अगदी खालच्या आवाजात सांगितलं, “बाळ, मी चुकलो. हल्ली मी रात्री दाराला कडी लावत नाही. ये कधीही.”

हेच माझं पाचवं वाक्य.

जाताना ते दोघांना बजावून गेले, “त्याला हे ऐकवा. पण मी आलो होतो म्हणून तोंडावर सांगू नका. त्याला वाटेल, म्हातारा ओढून न्यायला आला. यायचं तर मनाने येऊ दे.”

आता या दोघांनी सरळ टेप लावून दिली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही! खेळ बनवणारी माणसं ती, त्यांना गुपितं लपवायची भारी हौस. खेळात माझी तीन मुलं आहेत, तिघांनाही मी घराबाहेर काढलेलं आहे, आणि खेळणारा त्यांतलं एक निवडून माझ्याशी लढायला येतो. थोरला आणि मुलगी समोर आली की मी आधी वार करतो. चष्मेवालीने धाकट्यासाठी मात्र नियम बदलला. त्याच्यासमोर मी आपणहून हात उचलायचा नाही. घड्याळ काढून खिशात ठेवायचं आणि नुसतं उभं राहायचं. त्यानेही साठ सेकंद हात उचलला नाही, तर फेरी संपताना पाचवं वाक्य बोलायचं.

“तो धाकट्यालाच घेणार,” ती टेपवाल्याला म्हणाली. “आणि स्वतः काढलेल्या बापावर त्याचा हात उठणार नाही. बघच तू.”

मित्रांनो, चूक झाली ती इथे. बिचारीने स्वतःच्या बापाचा मार कधी खाल्ला नव्हता.

चित्रकार परत आला. खेळ तयार होता. त्याने धाकट्यालाच घेतलं, तेवढं तिचं बरोबर निघालं. पण मी घड्याळ काढून खिशात ठेवलं मात्र, आणि पोरगा पेटला. सेकंदाचाही विलंब नाही. लाथा, बुक्क्या, बटणं तुटतील की काय असं वाटलं. वार बसला की मी उत्तर देणारच, तसा मी बनवलेला. मी ओरडलो, “चालता हो!”

त्याचे हात जागच्या जागी थांबले. तो आवाज त्याने ओळखला. ते दोन शब्द त्याच गळ्यातून त्याने दारात ऐकले होते. तो टेपवाल्याकडे वळला.

“त्यांना इथे आणलंत? माझी चेष्टा करायला?”

“अरे, ऐकून तर घे पूर्ण!”

“पूर्ण ऐकलंय मी. चार वर्षांपूर्वी.”

तो जिना उतरून गेला तो गेलाच. चष्मेवाली अनवाणी त्याच्यामागे रस्त्यापर्यंत धावली. तिने त्याच्या खोलीवर पत्र टाकलं, तेही परत आलं, तो खोली सोडून गेला होता. वर्षभरात त्या तीन खोल्यांनाही कुलूप लागलं. टेपवाला कुठे गेला, चष्मेवाली कुठे गेली, मला माहीत नाही. मी मात्र पेटीत बसून जगात निघालो.

माझी उमेदीची वर्षं एका खेळघरात गेली. काय दिवस होते ते! शाळा सुटली की दप्तरं कोपऱ्यात आणि पोरं माझ्यापुढे. मी तीस-तीस जणांना ओळीने लोळवायचो. “म्हातारा लई खडूस आहे रे,” असं कुणी म्हणालं की माझ्या मिशा फुलायच्या. धाकट्यासमोर मी उभा राहतो, हे पोरांनी दोन दिवसांत हेरलं. त्यांना वाटलं, मशीनमध्ये बिघाड आहे. “म्हातारा घड्याळ काढायला लागला की हाण!” ही युक्ती गल्लीत पसरली. मी घड्याळ काढायचो आणि मार खायचो. हजारदा, दहा हजारदा. समोरच्याला वाटायचं मी वार करायला सरसावलोय, आणि मी तर त्याची वाट बघत असायचो.

ते पाचवं वाक्य मी आजवर एकदाच बोललो. एक पोरगा धाकट्याला घेऊन शेवटच्या फेरीपर्यंत आला आणि नेमकी त्याची ताई आली. “अभ्यास कोण करणार, मी?” म्हणत तिने त्याला कान धरून नेलं. माझ्यापुढे रिकामं स्टूल राहिलं. साठ सेकंद गेले. आणि मी बोललो.

काउंटरवरच्या मावशी एकट्याच होत्या, फडक्याने टोकनं पुसत. “कोण बोललं गं?” म्हणत त्या उठल्या. माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. मग परत जाऊन त्यांनी फोन उचलला. “अगं, मी बोलतेय, आई. नाही, कुठे काय झालंय? सहजच केला. तू बोल ना काहीतरी.” बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या आणि पदराने डोळे टिपत होत्या. त्या दिवसानंतर माझी काच त्या रोज आधी पुसायच्या. माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

पुढे पोरांच्या हातात मोबाईल आले आणि खेळघर ओस पडलं. मावशी गेल्या. त्या जागी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आलं. दुरुस्तीवाला माणूस वाईट नाही, पण माझ्या डोक्यावर त्याने तुटके चार्जर आणि पंख्याचं खोकं ठेवलं. माझं लाल बटण अडकतं, दांडा उजवीकडे कलला आहे, काचेवर आडव्या रेघा येतात. कधीमधी गिऱ्हाईकांची गंमत म्हणून तो मला चालू करतो. एरवी मी अंधारात उभा.

मागच्या महिन्यात दुपारी एक पिकल्या केसांचा माणूस मोबाईलची काच बदलून घ्यायला आला. मी चालूच होतो. त्याने काउंटरवर हात ठेवला आणि मला त्याचं मनगट दिसलं. स्टीलचं घड्याळ. काचेवर तिरपा ओरखडा. मुलाच्या मनगटावर बापाचं घड्याळ केव्हा येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुरुस्तीवाला म्हणाला, “काका, याचीही काच बदलून देऊ का?”

“नको, असू दे. वडिलांचं आहे.” मग तो म्हणाला, “आमचं बोलणं नव्हतं. गेल्याचं कळल्यावर पोचलो. शेजारी म्हणाले, घरात एकटेच होते आणि दार नुसतं लोटलेलं होतं.”

“एकटे राहायचे आणि कडी नाही?”

“विसरत असतील. शेवटी शेवटी विसरायचे म्हणे.”

मी काचेमागे होतो. हाक मारायला मला तोंड आहे, पण हुकूम नाही. तेवढ्यात त्याची नजर वळली. तो उठला, माझ्यापुढच्या स्टुलावर बसला, हाताने काचेवरची धूळ पुसली. “अजून आहात होय तुम्ही,” असं पुटपुटला. त्याने पहिल्या दोन फेऱ्या कशाबशा काढल्या आणि धाकट्याला घेऊन माझ्यासमोर आला.

मी घड्याळ काढून खिशात ठेवलं.

त्याने वार केला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो माझ्याकडे नुसता बघत बसला. वर आकडा उतरत होता. पन्नास. चाळीस. तो त्या ओरखड्यावर बोट फिरवत होता. तीस. मित्रांनो, मला काळीज नाही, पण असतं तर त्या वेळी फुटलं असतं. वीस. दहा. आता बोलतो बाळ, थांब, एवढाच वेळ थांब. सहा. पाच.

“अहो काका, मारा की! वेळ संपतोय!” म्हणत दुरुस्तीवाल्याने त्याच्या खांद्यावरून हात घातला आणि बटण दाबलं.

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मदत करावी, एवढंच. बुक्की माझ्या छातीवर बसली आणि माझ्या तोंडून जे यायचं तेच आलं. “चालता हो!”

चित्रकार हसला. फार वाईट हसला. “बघा,” तो म्हणाला, “मेल्यावरसुद्धा तेच.” त्याने मोबाईल उचलला आणि निघून गेला. दुरुस्तीवाला दारापर्यंत जाऊन मागून ओरडला, “काका, उरलेला खेळ तर खेळा!”

परवा भंगारवाला येऊन माझी मापं घेऊन गेला. जाण्याचं मला दुःख नाही, पुष्कळ जगलो. पण त्याच्यासाठीचं ते वाक्य माझ्याबरोबर भंगारात जाणार, याने जीव तुटतो. मी मारकुट्या बापांची वकिली करत नाही, बरं का. ज्याने हात उचलला, चूक त्याची. पण माझ्यासारख्या कुणाला माफी मागायची असेल, तर त्याने ती साठाव्या सेकंदाला ठेवू नये, आधी म्हणावी. दार उघडं ठेवलं असेल, तर तसं ओरडून सांगावं. चालता हो म्हणायला मोठा आवाज लागतो ना, मग ये म्हणायलाही तेवढाच लावावा. आणि तुमच्यासमोर कुणी हात खाली सोडून गप्प उभं असेल, तर एकदा आकडा शून्यावर जाऊ द्या. बटण दाबायची घाई करू नका, दुसऱ्याच्या वतीने तर मुळीच नाही.

आणि एक काम करा माझं. पिकल्या केसांचा, हडकुळा, ओरखडा पडलेलं घड्याळ घालणारा माणूस कुठे भेटला, तर त्याला एवढंच सांगा. वडील कडी लावायला विसरत नव्हते.